मुशीच्या तेलाची गाडी

पावसाळ्याआधी मी मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलाचा डबा उघडला की चौलची आमची अख्खी आळी नाक दाबते आणि मांजरं गोळा होतात. मी खुशाल गाडीखाली शिरून पत्र्याला ब्रश मारते. आजही तो उग्र वास नाकात गेला आणि अम्मीची ती सकाळ आठवली.

अब्बा तेव्हा मस्कतला होते. अंगणात त्यांची हीच निळी गाडी खाऱ्या वाऱ्यानं गंजत होती. चाचा म्हणाले, "भाभी, भंगारात द्या." अम्मीनं उलट कोळीवाड्यातून होड्यांना चोपडायचं हेच तेल आणलं.

"या तेलावर होडी समुद्रात तगते, मग गाडी अंगणात न्हाय तगणार?"

इंजिन मेकॅनिकनं बघितलं. गंज मात्र तिनं स्वतः घासला, खालून तेल चोपडलं. अब्बा यायच्या सकाळी तिनं चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि चक्क चालू झाली! वाटेत माणसं वळून बघत होती. मागच्या सीटवर मी त्या वासाची लाज वाटून काचा वर केल्या.

मांडव्याच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचमधून उतरून अब्बांनी गाडी ओळखली, मग हुंगली.

"ही गाडी हाय का मचवा?"

"बसा, बुडवणार न्हाय," स्टिअरिंगमागून अम्मी म्हणाली. आपल्याच गाडीत अब्बा पहिल्यांदा डावीकडे बसले.

आज ब्रश ठेवला, चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात चालू! म्हाताऱ्या अम्मीला शेजारी बसवलं, भर बाजारातून गाडी काढली आणि सगळ्या काचा खाली केल्या.