कंडक्टरबाईंचा ‘नको’

पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर दर रविवारी सकाळी सात वाजता कुत्र्यांची शाळा भरते, असं लोक म्हणतात. कंडक्टरबाईंना हे मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते शाळा माणसांची आहे, कुत्री फक्त पालक म्हणून सोबत येतात.

बाईंनी सत्तावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली. गुडघे गेले, निवृत्ती आली, आणि पहिल्याच महिन्यात घरात त्यांनी नवऱ्याला इतक्या वेळा “पुढे सरका” म्हटलं की तो बिचारा चार दिवस बहिणीकडे जाऊन राहिला. मग बाईंनी रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं. पिल्लू नवऱ्यापेक्षा लवकर शिकलं. शेजारच्या दातांच्या डॉक्टरने ते पाहिलं आणि आपला लठ्ठ लॅब्राडोर आणून बाईंच्या पुढ्यात बसवला. म्हणजे बसवायचा प्रयत्न केला. तिथून सुरुवात झाली.

त्यांचं शिकवण्याचं हत्यार म्हणजे तिकिटाला भोक पाडायचा जुना लोखंडी पंच. कुत्र्याने काही बरोबर केलं की त्याच क्षणी ‘कट’, आणि पाठोपाठ उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. चार दिवसांत कुत्र्याला कळतं की कट म्हणजे शाबास. तोंडाने शाबास म्हणेपर्यंत कुत्रं उठून दुसराच काही उद्योग करून बसतं आणि शाबासकी त्या उद्योगाला मिळते. पंच उशीर करत नाही.

दुसरं हत्यार एका शब्दाचं. कुत्र्याने चप्पल तोंडात धरली की एकेका घरात काय काय ऐकू येतं: ए, सोड, अरे, नाही ना, शी, थांब तू, गाढवा! यातलं कुत्र्याने काय उचलायचं? बाईंनी फतवा काढला. सगळ्या वर्गाने एकच शब्द वापरायचा, ‘नको’. नको म्हटलं की तोंडातलं टाकायचं, मागे सरायचं आणि गप्प बसायचं. “माझा नको एकदा बसला की जन्मात उठत नाही,” असं त्या मिरवून सांगत. हे मिरवणं पुढे त्यांना चांगलंच महागात पडायचं होतं.

वर्गातले सर्वांत ढ विद्यार्थी म्हणजे वकीलसाहेब. चाळीस वर्षं बोलून पोट भरलेला माणूस. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा हातातून सुटेल, पण तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. कुत्र्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं मुद्दा. तांबूस रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला असलेलं हे गावठी कुत्रं मैदानभर उधळायचं आणि वकीलसाहेब कमरेवर हात ठेवून म्हणायचे, “बघा, मुद्दा भरकटला.” बाई म्हणायच्या, “मुद्दा ठीक आहे हो, वकील भरकटलाय. एका हुकमाला एक शब्द! तुम्ही कुत्र्याला ‘बस’ सांगताना तीन पोटकलमं जोडता.” मग सगळा वर्ग हसायचा, वकीलसाहेब सर्वांत मोठ्याने. बायको गेल्यापासून त्यांना हसायला रविवारच उरला होता, हे बाईंना माहीत होतं. म्हणूनच त्या त्यांना दर रविवारी नेमाने झापायच्या.

सहा महिने घासून मुद्दा एकदाचा ‘नको’ शिकला, आणि असा शिकला की वर्गात तोड नाही.

मग वकीलसाहेबांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा जवळजवळ गेली. दोन महिने दवाखाना झाला, वकीलसाहेब घरी आले, पण मैदानावर काही आले नाहीत. बाईंनी दोनदा फोन केला. सुनेने दोन्ही वेळा “आराम चालू आहे” एवढंच सांगितलं.

एका रविवारी वकीलसाहेबांचा मुलगा मुद्द्याला घेऊन मैदानावर उगवला. कुठल्याशा कचेरीत मोठा साहेब होता. त्याने कुत्र्याचा पट्टा असा धरला होता, जणू टोकाला दुसऱ्याची छत्री आहे.

“एक दाखला हवा होता,” तो म्हणाला. “कुत्रं शिकवलेलं आहे, सांगितलेलं ऐकतं, असा. माझ्या ओळखीचे एक गोदामवाले आहेत, ते घेऊन जाणार आहेत. पुढच्याच्या पुढच्या रविवारी.”

“आणि वकीलसाहेब?”

“त्यांनीच सांगितलं. मी स्वतः विचारलं, बाबा, मुद्द्याला ठेवायचं का? म्हणाले, नको. मी तीनदा विचारलं, बाई. तिन्ही वेळा नको. आणि खरं सांगू का, कुत्रंही आता त्यांच्याजवळ जात नाही. त्यांनी बोलावलं की उलट कोपऱ्यात जाऊन बसतं. आजारी माणूस ओळखतात ना ही जनावरं.”

बाईंच्या तोंडात एक अस्सल आगारातली शिवी आली होती. ती त्यांनी गिळली. मुद्दा त्यांच्या पायाशी येऊन बसला होता आणि त्याची शेपटी जमिनीवरून हलत नव्हती.

“दाखला घरी येऊन देते,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी बाई वकीलसाहेबांच्या घरी गेल्या. दुसरा मजला, लिफ्ट बंद, गुडघे बोंबलत होते. वकीलसाहेब खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसले होते. बाईंना बघताच त्यांचा अर्धा चेहरा उजळला. उरलेला अर्धा तसाच राहिला.

“काय वकीलसाहेब, रविवार बुडवता? दंड पडेल.”

“नको,” वकीलसाहेब म्हणाले, आणि डाव्या हाताने बाईंचा हात घट्ट धरला. सोडेचनात.

सुनेने चहा आणला. “बाबा, चहा घेता?”

“नको,” असं म्हणून त्यांनी कप ओढून घेतला आणि भुरका मारला.

बाई बघत राहिल्या. सुनेने सांगितलं की डॉक्टर म्हणतात त्यांना समजतं सगळं, पण बाहेर येतो तो एकच शब्द. कधी आनंदाने, कधी चिडून, कधी विनवून, पण तोच. मानेनेही काही कळत नाही, हो म्हणायचं असलं तरी ती कधी आडवी हलते, कधी उभी. चाळीस वर्षं लाखो शब्द वापरले आणि देवाने शेवटी खिशात एवढाच एक सुटा ठेवला.

दारातून मुद्दा आत आला. वकीलसाहेबांनी त्याला पाहिलं, डावा हात पुढे केला, आणि मायेने हाक मारली. “नको... नको, नको!”

मुद्दा जागच्या जागी थबकला. मागे सरला. कोपऱ्यात जाऊन शहाण्यासारखा गप्प बसला. शिकवलं होतं तसं, तंतोतंत. वकीलसाहेबांचा हात हवेतच राहिला आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

बाईंना आयुष्यात स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो नको त्यांच्या हातचा होता.

तेवढ्यात मुलगा बाहेरून आला. दारातच उभा राहून त्याने विचारलं, “बाबा, काही हवंय?” “नको,” वकीलसाहेब म्हणाले. मुलगा मान हलवून आपल्या खोलीत गेला. सून म्हणाली, हे रोजचंच. रोज हे न चुकता विचारतात, रोज बाबा नको म्हणतात.

बाई त्याच्या मागे गेल्या. “अहो, ते चहालासुद्धा नको म्हणतात. तुम्ही त्यांना उलटं विचारा. मुद्द्याला देऊन टाकायचं का?”

मुलगा वैतागला, पण परत आला. “बाबा, मुद्द्याला देऊन टाकायचं का?”

“नको!”

“ठेवायचं का?”

“नको!”

“बघा,” मुलगा म्हणाला. “म्हणजे काहीच कळत नाही. मग निदान जे शक्य आहे ते करू. याला फिरवणार कोण? आणि जे कुत्रं त्यांच्याजवळही जात नाही, त्याच्यासाठी एवढा आटापिटा कशाला?”

त्याचं अगदीच चूक होतं असं नाही. बाईंनी ते मनात मान्य केलं आणि तोंडावर केलं नाही.

“फिरवायचं मी बघते. आणि पंधरा दिवसांत ते त्यांच्याजवळ गेलं तर?”

“गेलं तर राहील,” मुलगा म्हणाला. “पण त्यांनी बोलावल्यावर गेलं पाहिजे. तुम्ही ढकलून नाही.”

दुसऱ्या दिवसापासून कंडक्टरबाईंनी स्वतःच्याच हाताने बसवलेला नको उठवायला घेतला. माणसाला बोलायला शिकवणं डॉक्टरांच्या हातात होतं, पण ऐकणाऱ्याला नवा अर्थ शिकवणं त्यांच्या हातातलं होतं. मुद्द्याला लांब दोरी बांधायची. वकीलसाहेबांच्या डाव्या मुठीत कोंबडीचा तुकडा द्यायचा. त्यांनी नको म्हणायचं, आणि मुद्द्याचं नाक त्यांच्या दिशेला नुसतं वळलं तरी कट.

पहिले तीन दिवस नाक वळलंच नाही. मुद्दा कोंबडीच्या वासाने लाळ गाळायचा, नको ऐकायचा आणि मागे सरायचा. मधेच बाईंकडे असा बघायचा की बाई, तुम्ही सांगितलं होतं ते खरं की हे खरं? “हे खरं,” बाई त्याला सांगायच्या. “चुकलं माझं. आता या वयात किती लाजवशील?” वकीलसाहेब यावर हसायचे. चुकलं हा शब्द बाईंच्या तोंडून ऐकायला त्यांनी अनेक रविवार घातले होते.

चौथ्या दिवशी नाक वळलं. कट. सहाव्या दिवशी मुद्द्याने एक पाऊल टाकलं. नवव्या दिवशी तो कोपऱ्यातून निघाला, अर्ध्या वाटेत थांबला, विचारात पडला, आणि मग पोट जमिनीला घासत पलंगापर्यंत पोचला. वकीलसाहेबांनी त्याच्या पडलेल्या कानात बोटं खुपसली आणि नको, नको, नको असा जो सपाटा लावला, तो थांबेचना.

मैदानावर मात्र या शिक्षणाने हाहाकार उडाला. बाई मुद्द्याला रोज फिरवायला तिथे नेत, आणि वर्गातली मंडळीही एरवी आपापली कुत्री तिथेच फिरवत. दातांचा डॉक्टर आपल्या लठ्ठ लॅब्राडोरवर “नको!” म्हणून ओरडला की मुद्दा कुठूनही धावत येऊन डॉक्टरच्या छातीवर पाय ठेवायचा. एका दिवसात अकरा जणांचे कपडे खराब झाले. शेवटी बाईंनी फतवा बदलला. सगळ्या वर्गाने आता ‘सोड’ म्हणायचं, नको हा शब्द फक्त वकीलसाहेबांचा. लोक कुरकुरले. आपला तो बाब्या म्हणणाऱ्यांना दुसऱ्याच्या कुत्र्यासाठी आपली सवय मोडायची म्हणजे जिवावर येतं. पण बाईंसमोर कुरकुरून उपयोग नसतो, हे बसमधून प्रवास केलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

ठरलेला रविवार आला. गोदामवाला खाली टेम्पो लावून हॉर्न वाजवत होता. वर खोलीत मुलगा हाताची घडी घालून उभा, सून दारात, बाई भिंतीला पाठ लावून, पंच पिशवीत. मुद्दा पार स्वयंपाकघराच्या दाराशी.

वकीलसाहेबांनी घसा खाकरला. वकिली थाटात. मग म्हणाले, “नको.”

मुद्दा उठला, मुलाच्या पायांजवळून गेला, पलंगावर चढला आणि वकीलसाहेबांच्या लुळ्या हाताखाली डोकं खुपसून पडला. बाईंनी श्वास सोडला. तुकडा नाही, पंच नाही, नुसत्या शब्दावर आला होता.

“तुम्ही शिकवलंय म्हणून आला,” मुलगा म्हणाला. “त्याला काय कळतंय?”

“शिकवलंच आहे,” बाई म्हणाल्या. “त्याला नऊ दिवस लागले. तो कुत्रा आहे म्हणून इतका वेळ लागला. एवढंच शिकला की हा माणूस नको म्हणतो तेव्हा त्याला आपण हवे असतो.”

त्यांना आणखीही बोलायचं होतं. रोज दारात उभं राहून विचारण्याबद्दल बोलायचं होतं. पण मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून त्या गप्प झाल्या, आणि त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीतही असं फारसं घडलं नव्हतं.

खाली पुन्हा हॉर्न वाजला. “मी जाऊन त्यांना सांगून येतो, कुत्रं देणार नाही म्हणून,” मुलगा म्हणाला आणि दाराकडे वळला.

“नको,” वकीलसाहेब म्हणाले.

मुद्द्याने डोकं वर केलं. पण तो तर जवळच होता. वकीलसाहेबांची नजर त्याच्यावर नव्हतीच. डावा हात दाराकडे लांबवलेला होता.

मुलगा उंबऱ्यात थांबला. किती संध्याकाळी तो याच उंबऱ्यातून परत गेला होता, ते त्याने बहुतेक त्या एका क्षणात मोजलं. मग तो वळला, मुद्द्याला जरा पलीकडे सरकवून पलंगाच्या कडेवर बसला आणि तो हात दोन्ही हातांत घेतला.

“आलो, बाबा,” तो म्हणाला.