वरची माती वर

रहांगडाले सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते चिडलेले. कृषी महाविद्यालयातली आमची पहिली क्षेत्रभेट गोरेगावजवळ धानाच्या एका बांधीत होती. छातीएवढा खड्डा खणून त्याच्या भिंतीवरचे मातीचे थर पाहून झाले. भुकेली पोरे भराभर खड्डा बुजवू लागली, तर सर आत उतरून उभे राहिले. "आधी मला गाडा, मग जेवा," म्हणाले. खालची माती खाली, वरची वर, हा त्यांचा दंडक. आम्ही त्यांना पाठीमागे 'थरवाले सर' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होते, आवडतही असावे.

मातीचे वर्गीकरण शिकवताना त्यांनी पुस्तकातली नावे तर घोकून घेतलीच, पण शेतकऱ्यांची नावेही तितक्याच अदबीने शिकवली. पाणी धरून ठेवणारी काळी चिकण कन्हार, ते सोडून देणारी रेताड सिहार. ओली चिमूट बोटांत मळून ते पोत सांगत. सामू आणि सेंद्रिय कर्बाचे आकडे प्रयोगशाळेतून मागाहून येत. मात्र कुणाला बरे वाटावे म्हणून सर कधी खोटे बोलले नाहीत. त्याचा चटका आमच्याच घराला बसला.

दरेकशाजवळ आमची उताराची शेती. बाबांनी लहान बांध्या फोडून एक मोठी करायला यंत्र लावले. माझा फोन जाताच सर कुडव्याहून मोटारसायकलने आले.

"भाऊ, वरची माती पयले बाजूले काढा."

"माती तं मातीच राह्यते सर. कायले आडवे येऊन राह्यले?"

बाबांनी ऐकले नाही. वीतभर काळा थर खाली गाडला गेला, पिवळा मुरूम वर आला. त्या वर्षी धान गुडघ्यालाही लागला नाही. बाबांनी सरांना बोलावून विचारले, "सुधरन का जी?"

सरांनी माती भिजवून मळली. ती वळलीच नाही. "सुधरन भाऊ. पण तुमच्या-माझ्या हयातीत नाई."

मला सरांचा संताप आला. म्हाताऱ्या माणसाला थोडी आशा दिली असती तर काय बिघडले असते? आई त्या दिवशी जेवली नाही.

बाबा मात्र दुसऱ्या दिवसापासून शेणखत वाहू लागले, ते दर वर्षी. सरही दर उन्हाळ्यात नमुना न्यायला येत. कर्ब कणभर वाढला, एवढेच सांगत. मग दोघे बांधावर बसून चहा पीत.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. आमच्यात पुरतात, आणि बाबांनी त्याच शेताचा कोपरा सांगून ठेवला होता. भावकीने कुदळ उचलली तोच सरांनी काठी टेकत पुढे येऊन हात आडवा केला. पिवळ्या मुरमावर आता बोटभर काळसर थर आला होता. तो त्यांनी स्वतः खरवडून घमेल्यांत काढून ठेवला. "हे माती यायनं केली. खाली नोका गाडू," म्हणाले. खड्डा भरल्यावर तीच माती त्यांनी हाताने वर पसरली. सरांना रडताना मी तेव्हाच पाहिले.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. चार पावले चालले तरी दम लागतो. अशा वेळी शतायुषी व्हा म्हणण्याची रीत आहे. मला ती अपुरी वाटते. बोटभराची वीत व्हायला त्यांच्याच हिशेबाने हयात पुरत नाही. सर, तुमचा हिशेब एकदा तरी चुकू द्या. तब्येत सांभाळा, आणि या उन्हाळ्यातही नमुना न्यायला या. शेणखत मी टाकून ठेवले आहे.