दुकानातलेच बोल्ट

जुना मालक ताईच्या गॅरेजात शिरला तेव्हा ताई गाडीखाली पुठ्ठा धरून माउंटचा साचा काढत होती. शॉकअब्सॉर्बर गाडीच्या अंगाला ज्या लोखंडी तुकड्याने धरलेला असतो, तो माउंट. गाडी उंच करा, बुटकी करा, शर्यतीत पिटाळा, ताईचा माउंट जागचा हलायचा नाही. पण लोकांना हे पटायला फार वर्षं गेली, आणि त्याला कारण हाच मेला.

पूर्वी ती त्याच्याकडेच कामाला होती. तिने बनवलेल्या माउंटची चाचणी घेताना बोल्ट तुटला, गाडी उलटली आणि तिचा गुडघा कायमचा गेला. बोल्ट मालकाने स्वतःच्याच दुकानातले लावले होते. वर पक्क्याचा छाप, आत कच्चं लोखंड. ताईला ठाऊक होतं, पण पुरावा कुठून आणणार? आणि हा गावभर सांगत सुटला, "बाईची डिझाइन, दुसरं काय होणार!" चोर तो चोर, वर शिरजोर.

आज त्याची मुलगी सोबत होती. तिला शर्यतीत उतरायचं होतं.

"झालं गेलं विसर," मालक म्हणाला. "पोरीच्या गाडीला माउंट तुझ्याच हातचे हवेत."

"करते की," ताई गोड हसली. "बोल्ट मात्र तुमच्या दुकानातले आणा."

मालकाचं तोंड उतरलं. "तुझेच लाव ना."

"का? तुमच्या बोल्टांत काय खोट आहे?"

गाड्या घेऊन आलेली गिऱ्हाइकं जवळ सरकली.

"पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे गं."

"मीपण कुणाची तरी पोरच होते. बोला, का नकोत?"

"कच्चे आहेत," तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"कच्चे आहेत!"

"आणि माझ्या वेळचे?"

"तेही."

ताईला दया यायला हवी होती म्हणे. कसली दया! जिवाला कसं गार गार वाटलं.

"बाबा," मुलीने विचारलं, "असे किती गाड्यांना लावलेत तुम्ही?"

मालक दाराकडे वळला. पण गिऱ्हाइकांतला एक टॅक्सीवाला आडवा आला. "अरे, मी कालच नेलेत याच्याकडून!" म्हणत त्याने सरळ मालकाची कॉलर धरली.

"भांडण बाहेर," ताई म्हणाली. "पोरी, तू गाडी आत घे."