धूळअक्काचा पारा

कुणाच्या अंगावर सोनं दिसलं की धूळअक्का नाक मुरडायची. "ह्यातलं निम्मं माझ्या पाटीतनं गेलंय," म्हणायची. बिदरच्या सराफ्यातल्या दुकानांची झाडलोट ती पोत्यात भरून आणायची आणि मैलूरच्या आमच्या सामाईक अंगणात धुऊन त्यातले सोन्याचे कण काढायची. म्हणून गल्लीची ती धूळअक्का.

मी निर्ण्याहून लग्न होऊन आले, तेव्हा तिच्या-आमच्या घरात एकच भिंत होती. मला सासू नव्हती. ती जागा अक्कानं कुणाला न विचारता घेतली. "कामून उपाशी बसलीस? नवऱ्याची वाट बघायलीस व्हय? त्यो बाहेर भजी खायलाय," असं म्हणत ती ज्वारीची भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी पुढे ठेवायची. सोनारांशी ती दखनीत बोलायची, भाजीवालीशी कन्नडात, आमच्याशी मराठीत. रागवायची मात्र तिन्ही भाषांत एकदम.

धुतलेल्या मातीत ती पारा घालायची. पारा सोनं धरून ठेवी. मग फडक्यातून पिळून उरलेली गोळी ती लोखंडी पळीत घालून चुलीवर धरायची. पारा उडून जायचा, तळाशी सोनं उरायचं.

"अक्का, तो पारा जातो कुठं?" मी एकदा विचारलं.

"वर. देवाला लागत असंल," ती म्हणाली.

मला दिवस गेले, त्याच सुमारास तिचे हात थरथरू लागले. भाकरी थापताना फाटायची, चहा बशीत सांडायचा. एरवीची रागीट अक्का एखाद्या शब्दावर रडूही लागली. वय झालं, असं तीच म्हणायची. शेवटी मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी आधी काम काय करता ते विचारलं. मग म्हणाल्या, "आजी, तो पारा वर जात नाही. वाफ होऊन घरातच राहतो, श्वासातून आत जातो. हातांचं हे त्यानंच झालंय. नालीत ओतला तर पाण्यात, माशांत उतरतो. आणि पोटातल्या बाळाला तर फार वाईट."

अक्कानं माझ्या पोटाकडं पाहिलं. ती स्टुलावरून उठली आणि दंडाला धरून मला तिथं बसवलं. "माझं ऱ्हाऊ द्या. आधी हिला बघा."

दुसऱ्या दिवशी उरलेला पारा बाटलीत घट्ट बंद करून तिनं दवाखान्यात नेऊन दिला. गल्लीत आणखी दोन घरी हेच काम चालायचं. तिथं जाऊन ती भांडली. एका घरानं ऐकलं. दुसऱ्या घरची बाई म्हणाली, "मग आम्ही खायाचं काय?" तो प्रश्न तिचाही होताच. काही दिवसांनी ती डाळमिलमध्ये तूर निवडायला जाऊ लागली. थरथरत्या हातांनी काम हळू व्हायचं, मुकादम बोलायचा. ती ऐकून घ्यायची.

मला मुलगी झाली. अक्का उंबऱ्यावरूनच विचारायची, "मान धरली का? तुझ्याकडं बघून हसायलीय का?" मी हो म्हटलं की निघून जायची. बाळाला मांडीवर मात्र कधी घेतलं नाही. "माझ्या अंगात ते अजून असंल, न्हाई गं," म्हणायची. आता तसली भीती नाही, असं डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं. तिला पटलं नाही.

पोरगी चालू लागली, बोबडं बोलू लागली आणि यांची बदली कलबुर्गीला झाली. टेम्पोत सामान चढलं. अक्का दाराशी उभी होती. पोरगी तिच्याकडं धावली, लुगडं धरून हात वर करून उभी राहिली. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी "घे" म्हणून मान डोलावली.

तिनं उचललं. हात थरथरत होते. पोरीला ते झुलवणंच वाटलं असावं. अक्काच्या खांद्यावर मान टाकून ती झोपली. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि तिला उठवायला आम्हा दोघींपैकी कुणीच तयार नव्हतं.