चढावरचा हात

माझ्या नणंदेबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. आणि बोलणारी तिची स्वतःची आईच असेल, तर ते फिरलेलं डोकं घेऊन मी जाऊ कुठे? पार्वताबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला संघाताईच्या शर्यतीची गोष्ट सांगतात. चुकीची सांगतात. मी आत पोळ्या लाटत ऐकते आणि लाटणं जरा जोरात आपटते, एवढंच माझ्या हातात आहे. खरं काय ते मला माहीत आहे, पण बोलायची सोय नाही. निदान तुम्हाला तरी सांगते.

संघमित्रा माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. जळगावला पिंप्राळ्यात राहते, एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. जावई दीपनगरच्या वीज केंद्रात, शिफ्टमध्ये. ताईचं वय चव्वेचाळीस, अंगानं भरलेली, बोलणं हळू. स्वभाव असा की धक्का दुसऱ्यानं मारला तरी सॉरी हीच म्हणेल. सासूबाईंचं तिच्याबद्दलचं मत मात्र पक्कं: "हाई बठ्ठं अर्धामाच सोडस." म्हणजे ही सगळंच अर्ध्यावर सोडते. शिवणाचा क्लास अर्धा, कॉम्प्युटरचा कोर्स अर्धा, डी.एड. अर्धं. सोडायला लावलं कोणी, हे कोणी विचारत नाही. शिवणाच्या वेळी धाकट्या भावाला टायफॉइड झाला, तो भाऊ म्हणजे आमचे हे. कॉम्प्युटरच्या वेळी आजी अंथरुणाला खिळली. डी.एड.च्या वेळी स्थळ आलं. दर वेळी "घरी ये" म्हणून निरोप धाडणारी माउली एकच, आणि नंतर बोट दाखवणारीही तीच. काय बोलायचं!

दोन वर्षांपूर्वी ताईनं सहज म्हणून स्वतःचं रक्त तपासलं, तर साखर निघाली. घाबरून मेहरूण तलावावर चालायला लागली. चालणाऱ्या बायकांच्या नादानं सायकल आली, आणि सायकलवाल्यांच्या नादानं ही ट्रायथलॉन. आधी तलावात पोहायचं, बाहेर आलं की तशाच ओल्या अंगानं सायकल हाणायची, सायकल टाकली की पळायचं. साडेसातशे मीटर पाणी, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळणं. "सगळ्यात छोटी आहे गं ही," ताई फोनवर म्हणाली. मी म्हटलं, "ताई, हे छोटं असेल तर मोठ्यात काय माणूस मारतात का?"

ती हसली नाही. पोहणंच मुळात येत नव्हतं तिला. पहिला महिनाभर पोहण्याच्या तलावाच्या, म्हणजे त्या निळ्या टाकीच्या कडेची दांडी धरून नुसतं पाणी गिळलं. शेजारी शाळकरी पोरी धपाधप उड्या मारायच्या आणि ही त्यांच्या उडालेल्या पाण्यानंच बुडायची. घरी येऊन रडायची, दुसऱ्या दिवशी परत जायची. मी विचारलं, "कशाला हा जिवाला ताप?" तेव्हा म्हणाली, "दिपा, पूर्ण करणाऱ्या प्रत्येकीला मेडल देतात. पहिली येवो नाहीतर शेवटची. मला ते एकदा आईच्या हातात नेऊन ठेवायचंय. बाकी काही नको."

शर्यत आमच्या धुळ्याजवळच होती, फेब्रुवारीत. आदल्या दिवशी ताई आमच्याकडे उतरली. सासूबाईंनी तिच्यासाठी भरीत केलं होतं, पण हिनं खिचडीचेच दोन घास खाल्ले, त्यामुळे त्या आधीच फुगलेल्या. वर तोंडाचा पट्टा चालू: "आते या वयमा चड्डी घालीसन पयशी? लोके काय म्हनतीन?" ताईनं ते ऐकून घेतलं आणि मग सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "उद्या मला कोणी हात लावायचा नाही. पाणी द्यायचं नाही, सायकल धरायची नाही. एकाचाही हात लागला की मी बाद."

"अन् पडनी तर?" सासूबाईंनी विचारलं.

"पडले तरी."

"हाई कोनती शर्यत!" म्हणत त्या ताट घेऊन उठल्या.

सकाळी आम्ही तलावाच्या काठावर गेलो. शे-सव्वाशे माणसं एका शिट्टीसरशी पाण्यात घुसली, आणि त्या लाथाबुक्क्यांत ताईची पिवळी टोपी दिसेनाशी झाली. परत दिसली तेव्हा ती सगळ्यांच्या मागे होती. जरा पोहायची, उताणी व्हायची, परत वळायची. शेजारून एक होडी हळूहळू चालली होती. काठावरून ओरडलं तरी तिला ऐकू जात नव्हतं. करणार काय? आम्ही नुसत्या उभ्या. सासूबाई चड्डी विसरल्या, लोकं विसरल्या. माझा दंड त्यांनी असा धरला होता की दुसऱ्या दिवशी निळा पडला. ताई बाहेर आली तेव्हा तिच्यामागे पाण्यात एकच म्हातारे गृहस्थ उरले होते. पण आली! चिखलातून धडपडत सायकलकडे गेली आणि आमच्याकडे बघून हसलीसुद्धा.

सायकलचा रस्ता आतला, शेतांमधून जाणारा. परतताना शेवटी एक चढ लागतो. तिथं गावातल्या बायका उभ्या होत्या, आम्हीही जाऊन उभ्या राहिलो. ऊन चढलं, वारा समोरून सुटला. येणारे येऊन गेले. बऱ्याच वेळानं ताई दिसली. पिंढरीत गोळा आला होता तिच्या. एकाच पायानं पायडल मारत होती. सायकल या कडेवरून त्या कडेला झोकांड्या खात होती. आमच्यासमोर आली तेव्हा चाक जवळजवळ थांबलंच होतं, आणि तिच्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज येत होता.

आता सासूबाईंच्या माहेरचं सांगायला हवं. त्यांचं गाव टेकाडावर. तिथं चढावर कोणाची गाडी अडली, कोणाची ओझ्याची सायकल अडली, तर रस्त्यावरच्या माणसानं हातातलं काम टाकून मागून रेटा द्यायचा. ओळख असो-नसो, भांडण असो, रेटा द्यायचाच. न देता जो नुसता उभा राहिला, त्याला गाव वर्षभर नावं ठेवणार. सासूबाई लहानपणापासून हेच करत आल्या; रेटा देणं म्हणजे 'हात लावणं', हे त्यांच्या मनाला शिवणारच नव्हतं. मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. "आत्या, नाही! बाद होईल ती!" मी कानाशी ओरडत होते. त्यांनी असा हिसका दिला की मीच मागे पडले. चपला तिथंच राहिल्या. गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारी ही बाई अनवाणी पळत गेली, आणि पोरीच्या पाठीला एक हात आणि सीटला एक हात लावून ढकलायला लागली. "चाल, मी शे ना. चाल माय, मी शे ना."

ताई ओरडली, "आई, सोड! आई, सोड गं!" पण दम कुठे होता तिच्यात? आवाज निघाला तो रडल्यासारखा. उतरावं तर पाय धड नाही, थांबावं तर मागून आई रेटतेय. बायकांनी टाळ्या वाजवल्या, एकीनं तर शिट्टी मारली. मी मागून धावत होते आणि काही म्हणजे काही करू शकत नव्हते. चढाच्या माथ्यापर्यंत सासूबाईंनी तिला पोचवलं, आणि मग दगडावर बसून धापा टाकायला लागल्या. तोंडभर हसत होत्या!

माथ्यावर स्कूटरवर एक मुलगी होती, रुची नावाची. जळगावच्या मारवाडी घरातली, ताईबरोबर सकाळी सायकल चालवणारी, आणि त्या दिवशी त्या टप्प्याची पंच. तिनं सगळं पाहिलं होतं. तिचाच चेहरा पडला. "मावशी..." एवढंच म्हणाली.

"लिही," ताई म्हणाली. "माझा नंबर लिही. तू पाहिलंयस ना, मग लिही." मग विचारलं, "पुढे गेले तर चालेल?"

"जा ना. पण निकालात नाव नाही येणार, मावशी. मेडलही नाही."

ताईनं मागे वळून पाहिलं. बायका सासूबाईंना पाणी पाजत होत्या, पाठीवर थाप मारत होत्या. ताईनं पायडल मारलं आणि गेली. आणि बाद झालेली ती बाई पुढचे पाच किलोमीटर पळाली हो! लंगडत, चालत, परत पळत. शेवटची कमान तिनं ओलांडली तेव्हा निम्मे मंडपवाले खुर्च्या उचलत होते. मी हमसून हमसून रडले. मला लाज वाटत नाही सांगायला.

खरी पंचाईत त्यानंतरची. ताईच्या पुढे आलेल्यांच्या गळ्यात मेडलं, तिच्यामागून आलेल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्याही गळ्यात मेडल, आणि ताईचा गळा रिकामा. सासूबाईंनी ते पाहिलं मात्र, पदर खोचला. थेट मेडलांच्या टेबलाशी आलेल्या रुचीसमोर जाऊन उभ्या. "बठ्ठासले दिधं, मनी आंडेरलेच काब्र नही? आम्हनी पोर दखी म्हनीसन?" सगळ्यांना दिलं, माझ्याच लेकीला का नाही, आमची पोर बघून का, असा आवाज चढला, माणसं जमली. त्यांनी जातीपायी जन्मभर जे सोसलंय ना, ते त्या एका प्रश्नात होतं. रांगेत मागे ठेवलेलं, वरून पाणी ओतलेलं, सगळं. त्यांचं चुकलं म्हणायला माझी जीभ रेटेना. आणि समोर ती रुची, बिचारी नंबरांचा कागद छातीशी धरून उभी. तिनं तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं संपलं असतं. तिनं ताईकडे पाहिलं.

ताई मधे आली. "आई, तिला बोलू नको. तिची चूक नाही. मीच पळताना अर्ध्यातून वळले. पुढे जमलंच नाही मला. अर्ध्यावर सोडणाऱ्याला मेडल देत नाहीत."

सासूबाई तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. राग उतरला आणि त्या जागी ते जुनं ओळखीचं आलं, कीव आणि कंटाळा. "माले म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या पदरानं तिचं तोंड पुसलं.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात ताईला गाठलं. माझा पारा चढलेला. "मी सांगून टाकते. आत्ताच्या आत्ता सांगते."

"नको दिपा." ती पाय चोळत फरशीवर बसली होती. "आख्ख्या जन्मात पहिल्यांदा तिनं मला पुढे ढकललं गं. आजवर मागेच बोलावलं. तो हात चुकला, असं कसं सांगू तिला? शपथ आहे तुला."

झालं! घातली शपथ आणि माझं तोंड शिवलं.

गेल्या आठवड्यात ताई आली होती. शेजारच्या भिकुबाई ओट्यावर टेकल्या आणि सासूबाईंनी गोष्ट लावली. चढ, वारा, अनवाणी धाव, टाळ्या, सगळं रंगवून. शेवटी नेहमीसारखा सुस्कारा: "मी एवढं ढकली दिधं, तरी हाई अर्धामाच सोडी वनी." ताई शेजारी चहा पीत बसली होती. दारात मी, हात कणकेनं भरलेले, आतून नुसती जळत होते.

भिकुबाईंनी ताईला विचारलं, "मग पुन्हा जाशी का?"

"नाव दिलंय मी," ताई हळूच म्हणाली. "येत्या फेब्रुवारीचं."

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ताईच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "जाय ना! अन् मी त्या चढवरच बशी ऱ्हासू. दमनी की देसू ढकली."

मी ताईकडे पाहिलं. तिनं कप खाली ठेवला.

"बस आई," ती म्हणाली. "पण सावलीत बस."