बागेसंगं विसावा

आमच्या कारखान्यात आत मोबाईल नेता येत नाही. काम दुधाच्या पावडरचं, त्यामुळे फोन गेटवरच्या कपाटात ठेवायचा आणि सुट्टी झाली की बघायचा. त्या दिवशी सकाळपाळीला सुपरवायझर स्वतः मशीनपर्यंत चालत आला आणि गेटवर फोन आलाय म्हणाला. बारामती एमआयडीसीत इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की गेटवर आलेला फोन चांगल्यासाठी नसतो. पलीकडून यासीनभाई बोलत होते. वरकुट्याला आमच्या साडूंच्या डाळिंबाच्या बागेला लागूनच त्यांची बाग. स्वतःचा माल पिकवतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा विकत घेऊन व्यापारही करतात. ते म्हणाले, तात्यांना पुन्हा तसंच झालं, पिकअपमध्ये घालून इंदापूरला आणलंय. मी विचारलं, आता कसं आहे? त्यांनी आधी कुणाला तरी पिकअप बाजूला घ्यायला सांगितलं. मग म्हणाले, "पावणं, या तुमी... पर गाडी सावकास चालवा. घाई करू नका." घाई करू नका म्हटल्यावर जे कळायचं ते कळलं. अंगातला कारखान्याचा पांढरा डगला काढायचाही राहिला. तसाच मोटरसायकलवर बसलो आणि अंथुर्णे गाव मागे पडलं तरी डोक्यात एकच चाललं होतं, की परवाच्या रविवारी हा माणूस मला 'बरं हाय' म्हणाला होता.

तात्या म्हणजे दिनकरराव, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोन साडवांचं जमलं तर भावांपेक्षा जास्त जमतं, नाहीतर लग्नाकार्यात एकमेकांकडे पाठ करून जेवायला बसतात. आमचं जमलं. त्याचं श्रेय त्यांनाच, कारण मी तसा तापट माणूस आहे आणि ते माझ्या तापटपणाची मजा बघत बसायचे. त्यांच्या घरी मी स्वतःच्या घरापेक्षा जास्त भाकरी खाल्ल्या असतील, पण शेवटपर्यंत मला 'पावणं'च म्हणायचे. त्यांची एक खोड होती. माणसाचं काहीही निघालं, की ते बागेवर नेऊन ठेवायचे. लग्नानंतर माझी बायको मंगल वाळायला लागली तेव्हा सगळ्यांनी काय काय खायला घालायचं ते सांगितलं. तात्या खोलीवर आले, चहा प्यायले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, हिला खत कमी पडत न्हाय, ऊन कमी पडतंय. आम्ही तेव्हा एका अंधाऱ्या खोलीत राहायचो. खोली बदलली आणि मंगल खरंच सुधारली. तेव्हापासून त्यांचं बागेवरून सांगितलेलं काहीही आमच्या घरात खरं मानलं जायचं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते याच वाटेने झालं.

गौरी-गणपतीत त्यांना पहिला झटका आला. आरतीला उभे असतानाच घाम फुटला, डावा हात धरून खाली बसले. बारामतीला आणलं, रक्तवाहिनीत जाळी बसवली आणि वाचले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा ओट्यावर सगळी भावकी जमली होती आणि सगळ्यांना वाटलं, संकट टळलं. खरं दुखणं मात्र घरी आल्यावर सुरू झालं, आणि त्याचं नाव गोळ्या होतं. पहिल्यांदा कोरडा खोकला लागला. बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं, जेवताना घास हातातच थांबायचा. मग खाटेवरून उठलं की डोळ्यापुढे अंधारी यायची; एकदा गोठ्यात तोल गेला तेव्हा म्हशीनेच तोलून धरलं, असं ते हसून सांगायचे. अक्का, म्हणजे त्यांची बायको, हसायची नाही. मांड्या-पोटऱ्या ठणकायच्या. हात गार पडायचे. थंडी सुरू झाल्यावर चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसायचे, चहा निवला तरी खाली ठेवायचे नाहीत. स्वप्नं भलतीसलती पडायची. आणि अंगात आळस असा भरायचा, की दिवस उगवायच्या आत बागेत असणारा माणूस उन्हं वर आली तरी ओट्यावरच बसलेला दिसायचा. नवरा-बायकोतली एक अडचणही त्यांनी एकदा आडून आडून मला विचारली. आम्ही दोघंही तेव्हा भलतीकडेच बघत बोललो आणि लवकर विषय बदलला.

तपासणीला त्यांना मीच घेऊन जायचो. डॉक्टर तरुण होते, स्वभावाने चांगले. त्यांनी विचारलं, काय म्हणतंय दिनकरराव, काही त्रास? तात्या म्हणाले, बरं हाय. चक्कर? न्हाय. झोप? बरी हाय. खोकला मात्र लपवता येईना, तर म्हणाले, हवा बदललीय. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. आमच्याकडे हे असंच असतं. एवढ्या शिकलेल्या माणसाने आपल्यासाठी एवढं केलं, त्याच्यापुढे त्याच्याच औषधाची तक्रार करायची म्हणजे त्याचा अपमान, असं मनात पक्कं बसलेलं. बाहेर गाड्या लावतात तिथे आलो आणि चिंचेच्या झाडाखाली थांबून या माणसाने मला सगळी कहाणी सांगितली, अगदी स्वप्नांसकट. माझं डोकं फिरलं. म्हटलं, हे मला सांगून काय उपयोग, मी काय गोळी बदलणार आहे? दंड धरून परत आत नेलं. डॉक्टर रागावले नाहीत. खोकला आणणारी गोळी त्यांनी बदलली, अंधारी आणणारीचं प्रमाण कमी केलं. अंगावर काळेनिळे डाग येतात म्हटल्यावर मात्र ते गंभीर झाले. म्हणाले, ती रक्त पातळ करणारी गोळी, तेवढी एक बदलायची नाही आणि मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. ती बंद केली तर जाळीत गुठळी धरते. तात्यांनी मान डोलावली. पंधरवड्यात खोकला गेला, आणि त्यांनी फोनवर मला पूर्ण वाक्यं बोलून दाखवली. खूष होते.

पण डाळिंबाला काटे असतात, आणि रक्त पातळ असलेल्या माणसाने काट्यांत काम करणं काय असतं हे आम्हां कुणालाच माहीत नव्हतं. एरवी काटा लागला तर माणूस बोट तोंडात घालतो आणि पुढच्या झाडाकडे जातो. तात्यांचं आता थांबायचं नाही. बाहीवर रक्ताचे डाग, धोतराला डाग, चिंधी बांधावी तर चिंधी भिजून जायची. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. अक्काने त्यांना बागेत जायला बंदी केली, ती त्यांनी पाळली नाही. मी कारखान्याजवळच्या दुकानातून कातडी हातमोजे नेऊन दिले. त्यांनी ते घालून बघितले, मुठींची उघडझाप केली, आणि हे घालून मला डोळा लागत न्हाय म्हणाले. डोळा म्हणजे फांदीवरचा कोंब. तो बोटाला लागला पाहिजे, तरच कात्री कुठे लावायची ते कळतं. गडी लावा म्हटलं, तर गडी झाडाची हजामत करत्यात म्हणाले. छाटणी त्यांचीच हवी होती. ती सुटली असती तर मग ओट्यावर बसून निवलेला चहाच उरला असता, हे मला तेव्हाही कळत होतं.

शेवटची भेट छाटणीतच झाली. बागेचं पाणी तोडून बरेच दिवस झाले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डाळिंबाचा बहार धरायच्या आधी झाडाचं पाणी मुद्दाम बंद करतात. वर्षभर खत-औषधं पिऊन झाड दमलेलं असतं, त्याला विसावा देतात. पानं पिवळी पडून गळतात, बाग वाळल्यासारखी दिसते, नवखा माणूस बघून घाबरतो. मग छाटणी करतात आणि पहिलं पाणी सोडतात. थोड्याच दिवसांत त्या काटक्यांवर लाल कळ्या दिसायला लागतात. मी गेलो तेव्हा तात्या त्या उघड्या बागेत कात्री घेऊन उभे होते, तोंडावर तेज होतं. हातावर नुसते ओरखडे होते, चिंध्या नव्हत्या. मी चेष्टा केली, म्हटलं काय तात्या, कारभार परत हातात घेतला वाटतं? ते म्हणाले, "बरं हाय पावणं. आता खरंच बरं हाय." त्या 'खरंच'ने मला केवढा आनंद झाला. गोळ्या एकदाच्या मानवल्या असं मी घरी येऊन मंगलला सांगितलं आणि आम्ही त्या दिवशी गोड केलं.

शेवटच्या ओळी छाटून झाल्या त्याच सकाळी ते बांधावर बसले ते उठलेच नाहीत. यासीनभाईंनी पलीकडून बघितलं म्हणून निदान एकटे गेले नाहीत.

दिवस झाल्यावर पाहुणे पांगले. अक्का भांडी मोजून लावत होती. एक पेला कमी भरतोय, तात्यांचा चहाचा, असं दोनदा म्हणाली. गर्दीत कुणी नेला असेल म्हटलं, तर म्हणाली, न्हाय, आधीपास्नंच न्हाय. मग तशीच भांड्यांपुढे बसून राहिली आणि मला म्हणाली, दाजी, तुमाला एक सांगायचंय. बागेचं पाणी तोडलं, त्याच दिवशी तात्यांनी गोळ्याही तोडल्या होत्या. सगळ्या. तिने विचारलं तेव्हा त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं, की एवढे दिवस अंगावर नुसता औषधांचा मारा चाललाय, झाड असतं तर कवाच करपलं असतं. आता बागेसंगं मलाही जरा विसावा. पहिलं पाणी सोडीन त्या दिवशी परत चालू करतो. आणि खरंच, गोळ्या तोडल्यावर त्यांना बरं वाटायला लागलं. रक्त थांबायला लागलं, हात ऊन झाले, झोप लागायला लागली. "त्यांचं बोलणं मला पटलं हो," अक्का म्हणाली. "डोळ्यानं दिसत हुतं ना बरं झालेलं."

मला राग आला. अजूनही आहे, आणि गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात तरी आहे. पण तो कुणावर काढायचा? अक्कावर तर नाहीच. ऊन कमी पडतंय हे ज्याचं खरं ठरलं होतं त्याचं हे खोटं ठरेल, असं तिला का वाटावं? डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं होतं. तात्या अडाणी नव्हते, गोळ्यांना कंटाळून त्यांनी त्या फेकूनही दिल्या नव्हत्या. ते आयुष्यभर जे करत आले आणि ज्याला दरवर्षी फळ आलं, तेच त्यांनी स्वतःला केलं. झाडाचं पाणी किती दिवस तोडायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं. छातीतल्या जाळीला मात्र एवढासुद्धा विसावा चालत नाही, हे त्यांच्या बागेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. मोटरसायकलवर जाता-येता मी त्यांच्याशी भांडतो. म्हणतो, तात्या, चिंचेखाली मला सगळं सांगितलंत, स्वप्नंही सांगितलीत, मग एवढंच का नाही? कदाचित दंड धरून परत आत नेईन म्हणूनच नसेल सांगितलं... भांडण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू होतं.

पहिल्या पाण्याचा दिवस आला. बाग यंदा सोडून द्यावी असं मला वाटत होतं, पण अक्का ऐकेना. त्यांनी छाटणी पुरी केलीय, आता पाणी अडवायचं न्हाय, एवढंच म्हणाली. मी रजा टाकून गेलो. यासीनभाई ठिबकच्या नळ्या तपासायला ओळींच्या टोकाला गेले आणि अक्का व मी विहिरीवरच्या शेडमध्ये मोटर चालू करायला गेलो. स्टार्टरच्या पेटीच्या दांडीला एक प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधलेली होती. मोटर चालू करायची तर ती सोडल्याशिवाय हात जाईना, अशीच बांधली होती. आत गोळ्यांची पाकिटं होती, कोरडी, नीट रबर लावलेली. आणि पेटीच्या वर, धूळ बसू नये म्हणून पालथा घातलेला, तात्यांचा चहाचा पेला.

अक्काने त्याच्या बुडावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आन मी घरभर हुडकला."

मी पिशवी सोडली, बटण दाबलं. मोटर घरघरली, पाइपात हवा खोकली आणि पाणी आलं. अक्काने पेला उचलला, पदराने पुसला आणि शेडबाहेरच्या कॉकखाली धरून भरला. भरलेला पेला तिने दोन्ही हातांत धरला, अगदी ते धरायचे तसा. मी म्हटलं, अक्का... ती शेडजवळच्या पहिल्या झाडाशी गेली, खाली बसली आणि ते पाणी हळूहळू त्याच्या बुडाशी ओतलं. मला रडू आवरलं नाही. तिकडून यासीनभाईंनी हात वर करून सांगितलं, की पाणी शेवटपर्यंत पोचलं.

आता बाग लाल झाली आहे. परवा गेलो होतो. पेला अक्काने घरी नेला नाही, स्टार्टरवरच पालथा घातलाय. पिशवी माझ्याकडे आहे. येत्या सुट्टीला बारामतीच्या त्या डॉक्टरांसमोर ती ठेवून, आमची माणसं 'बरं हाय' म्हणतात तेव्हा काय म्हणत असतात, ते मी त्यांना सांगणार आहे.