मानसीने केलेली जोडणी

लोणावळ्याजवळच्या औंढ्याची मानसी आंबीच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळते. कारखाना पॅकिंगची यंत्रं बनवतो आणि ती चालवणारे प्रोग्रॅमही तिथेच लिहितात. हे प्रोग्रॅम बाहेर कुठे ठेवायचे नाहीत, अशी गिऱ्हाइकांची अट. म्हणून सगळ्यांचं काम कंपनीच्याच सर्व्हरवर जमा होतं आणि त्याची सगळी जबाबदारी मानसीवर. वडील, म्हणजे आबा, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. संध्याकाळी घरी परतता येईल अशी दुसरी नोकरी तिला मिळत नव्हती, आणि साहेबांना, राजेंद्र सरांना, ते ठाऊक होतं.

तिला हे काम शिकवलं कुरवंड्याच्या सोपानदादांनी. गिऱ्हाइकाकडे यंत्र अडलं की ते गाडी काढून निघायचे, यंत्रापुढे उभं राहून खोट शोधायचे आणि ऑफिसात फोन करून सांगायचे, "ही ओळ अशी बदल." बदलणाऱ्याचं नाव सर्व्हरवर लागायचं. दादांना त्याचं कधी काही वाटलं नाही.

मग सरांना आलेख हवे झाले, कोण किती काम करतो याचे. पण मूळ डेटाबेसला एवढा हिशेब विचारला की तो दमायचा आणि सगळ्यांचं काम रखडायचं. म्हणून शेजारी दुसरा डेटाबेस बसवायचं ठरलं. सर्व्हरवर जे घडेल त्याची प्रत तिथे जाईल आणि आलेख तिथून निघतील.

मानसीने तो बसवला, त्याचा पत्ता आणि पासवर्ड सर्व्हरला दिला, तरी जोडणी होईना. नव्या डेटाबेसची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र सर्व्हर खरं मानत नव्हता. तिला कारण लगेच कळलं. पण तोवर तिला आणखीही एक कळलं होतं: या आलेखात सोपानदादा दिसणारच नाहीत. तिने प्रमाणपत्राला हात लावला नाही. सरांनी विचारलं की म्हणायची, "अजून जोडलं जात नाही, सर."

"मग बाहेरून माणूस बोलावतो," सर एकदा म्हणाले.

बाहेरचा माणूस आला असता तर तिचं अडवणं त्याला बसल्या बसल्या दिसलं असतं. जेवणाच्या सुट्टीत तिने दादांना गाठलं.

"दादा, लॅपटॉप नेत जा सोबत. बदल तुमच्या नावानं टाका."

"यंत्रात हात घालू का लॅपटॉप धरू?" दादांनी डबा बंद केला. "जोड तू. माझ्यापायी स्वतःला अडकवून घेऊ नको."

दुपारी तिने प्रमाणपत्र नीट केलं आणि जोडणी झाली.

महिन्याभराने आलेख भरला. सगळ्यांच्या रेघा वरखाली आणि दादांची तळाला चिकटलेली. मानसी सरांच्या केबिनमध्ये गेली. "सर, फोनवर सांगितलेलं काम यात येत नाही."

"मग ते किती आहे, दाखव."

तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. दादांना स्टोअरला बसवलं. तिथे त्यांनी थोडे दिवस काढले आणि राजीनामा दिला.

मानसीने तो डेटाबेस बंद करू का म्हणून विचारलं. सर म्हणाले, "मालक रोज सकाळी तेच उघडून बघतात. आणि ते चालवणारी तू एकटीच आहेस." आता ऑफिसात लोक आपली रेघ वर जावी म्हणून एकाच बदलाचे चार तुकडे करून टाकतात, आणि ती जवळ आली की गप्प होतात.

"सोड की ती नोकरी," आई म्हणाली. "रोज असं तोंड पाडून येतीस."

"आन् आबांना सोडून पुण्यात ऱ्हाऊ?"

आई उठली. आबांची कूस बदलायची वेळ झाली होती, ती दोघींनी मिळून बदलली.

गेल्या आठवड्यात लोणावळ्याला औषधाच्या दुकानात दादा भेटले. बंगल्यांचे पंप दुरुस्त करतात म्हणाले. आबांची चौकशी केली, तिच्या हातातली जड पिशवी गाडीपर्यंत आणून दिली. ते रागावतील म्हणून ती वाट बघत राहिली. त्यांनी फक्त गाडीच्या मागच्या चाकात हवा कमी असल्याचं सांगितलं.

पेट्रोलपंपावर हवा भरत असताना सरांचा निरोप आला. कंपनीच्या दुसऱ्या कारखान्याचा सर्व्हरही त्याच डेटाबेसला जोडायचा होता, सोमवारपासून.

तिने तिथेच उभ्या उभ्या उत्तर पाठवलं, "हो सर."